अभ्यासाची जय्यत तयारी

पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला ‘अबेट’ म्हणजे काय, असं विचारून बघा. निम्मा वर्ग उत्तर देईल. ‘अबेरंट’ही येईल. ‘अब्स्टीमियस’ला जरा चुळबुळ होईल, पण खिडकीजवळचा कोणीतरी सांगून टाकेल. आता ‘व्हेनल’ विचारा. सगळे पंख्याकडे बघायला लागतील. कारण हा शब्द व्हीवरून सुरू होतो, आणि जीआरईचे शब्द पाठ करत करत व्हीपर्यंत पोचलेला विद्यार्थी मी तरी अजून पाहिलेला नाही. बॅरन्सच्या त्या सुप्रसिद्ध जुन्या यादीत साडेतीन हजार शब्द होते. यादीत दोष एकच, ती एपासून सुरू होते. ए संपेपर्यंत उत्साह संपतो. महिन्याभराने नवा उत्साह येतो, आणि नव्या उत्साहाने माणूस सुरुवात करतो ती अर्थातच पहिल्या पानापासून. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळून बघा. पहिली तीस पानं पिवळी, हिरवी, गुलाबी. पुढचं सगळं कोरं करकरीत. दुकानदार ‘नव्यासारखंच आहे’ म्हणतो, ते अगदी प्रामाणिकपणे म्हणतो.

ज्यांच्या घरात सध्या कोणी या वयाचं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीला प्रवेश हवा असेल तर जीआरई नावाची परीक्षा देतात. 1930च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांनी कार्नेगी फाउंडेशनच्या साथीने ती सुरू केली. निरनिराळ्या कॉलेजांतून येणारी मुलं एकाच मापाने मोजता यावीत, एवढाच हेतू होता. नंतर, 1947मध्ये, ईटीएस ही संस्था निघाली आणि मोजायचं काम तिच्याकडे गेलं. त्या चौघांपैकी कोणाला तेव्हा स्वप्नातही वाटलं नसेल की या मापाने पुढे कर्वेनगर मोजलं जाणार आहे. 2023-24 या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचा आकडा 3 लाख 31 हजारांवर गेला आणि आपण चीनला मागे टाकलं. त्या आकड्यात एकाने भर घालण्याचा आमच्या भाचेबुवांचा विचार आहे. विचार पक्का झालाय. अभ्यास व्हायचाय.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आता निवृत्त आहे आणि बहिणीचं घर दोन गल्ल्या सोडून आहे, त्यामुळे संध्याकाळच्या चहाच्या निमित्ताने हा सगळा सोहळा मला जवळून बघायला मिळतो. सुरुवात खुर्चीपासून झाली. पाठीला आधार देणारी खुर्ची आली. मग टेबललॅम्प, मग पांढरा फळा. मग एक्सेलमध्ये वेळापत्रक, ज्यात प्रत्येक विषयाला वेगळा रंग, आणि ‘रिव्हिजन’ला दोन छटा. त्यानंतर ‘मी 335 कसे मिळवले’ या विषयावरचे व्हिडिओ, दीडपट वेगाने, कारण वेळ कमी आहे. टेलिग्रामवरून पीडीएफ उतरवून घेणं हा तर स्वतंत्र उद्योग. आता त्याच्या लॅपटॉपवर जेवढी पुस्तकं आहेत, तेवढी मी तीस वर्षांत शाळेच्या कपाटात पाहिली नाहीत. बहीण येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगते, “सकाळपासून अभ्यासाचंच चाललंय त्याचं.” बाई खोटं बोलत नाही. अभ्यासाचंच चालू आहे.

यात भर म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे काका. ते नव्वदच्या दशकात अमेरिकेत शिकून, नोकरी करून परत आलेत. त्यांच्या वेळी जीआरईत तीन भाग असत आणि प्रत्येकाला 800, म्हणजे एकूण 2400. काकांना 2190 होते. हे त्यांनी आम्हाला कितीदा सांगितलं ते विचारू नका. 2011पासून शाब्दिक आणि गणित या दोन भागांना प्रत्येकी 130 ते 170 असे गुण मिळतात. म्हणजे दिलेलं प्रत्येक उत्तर चुकलं तरी 260 कुठे जात नाहीत, आणि आकाश ठेंगणं झालं तरी 340च्या वर जाता येत नाही. कुठल्याशा क्लासच्या फुकट चाचणीत भाचेबुवांना 309 पडले, तेव्हा काकांनी जिन्यातच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तीनशे नऊ? हरकत नाही. खचू नकोस.” जुन्या आण्यांमध्ये नव्या पैशांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला काही समजावता येत नाही. काका अजूनही त्याला विरुद्धार्थी शब्द विचारतात. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न तर परीक्षेतून 2011मध्येच गेले.

गणिताबद्दल मात्र घरात कोणालाच चिंता नव्हती. ‘क्वांट काय, आपल्या पोरांच्या डाव्या हातचा मळ’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की ते अभ्यासक्रमाचाच भाग असावं. खरंच, त्यात कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमिती नाही. आपल्या दहावीच्या पुढचं म्हणावं असं फारसं काही नाही, वर पडद्यावर कॅल्क्युलेटरही देतात. त्यात एक प्रकार असतो तुलनेचा. दोन राशी दिलेल्या, आणि सांगायचं की ए मोठी, बी मोठी, दोन्ही समान, की दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. मी भाचेबुवांना विचारलं, “एक्स शून्याहून मोठा आहे. एक्सचा वर्ग मोठा की एक्स?”

“वर्ग.” डोळ्याचं पातं लवायच्या आत.

“आणि एक्स अर्धा असला तर?”

“अर्धा कशाला असेल, मामा?”

इथे मला जाणवलं की पाचवी-सहावीपासून या मुलाला भेटलेले सगळे एक्स सज्जन घराण्यातले, धन आणि पूर्णांक होते. लाप्लास ट्रान्सफॉर्म येणारा मुलगा शून्य, अपूर्णांक आणि ऋण संख्या या तिघांना एक्स म्हणून घरात घ्यायला तयार होत नाही. परीक्षा काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर चौथा पर्याय ठेवलाय. आणि ‘ठरवता येत नाही’ हे उत्तर मराठी माणसाच्या तोंडून सहजासहजी निघत नाही. रस्ता विचारलात तर माहीत नसलेलासुद्धा आपण दाखवतो.

चुकांसाठी भाचेबुवांनी एक वही घातली होती. एरर लॉग म्हणतात तिला. व्हिडिओतल्या 335वाल्याने सांगितलं होतं. रकाने सुरेख आखलेले: तारीख, प्रश्न क्रमांक, विषय, लागलेला वेळ, चुकीचं कारण, उपाय. मी ती वही उघडली. चुकीच्या कारणात पहिल्या ओळीला ‘सिली मिस्टेक’ आणि खाली पानभर टिंबं, म्हणजे वरीलप्रमाणे. उपायाच्या रकान्यात ‘काळजी घेणे’. खाली पुन्हा टिंबं.

सिली मिस्टेक ही आपल्याकडची फार मोठी सोय आहे. ‘येत नव्हतं’ म्हटलं की अब्रू जाते. ‘येत होतं, पण सिली मिस्टेक झाली’ म्हटलं की अब्रू राहते, शिवाय हुशारी सिद्ध होते. आईवडीलही समाधानाने मान डोलावतात. माझ्या शाळेत पालकसभेला नापास मुलांचे वडीलसुद्धा हेच सांगत. पण शिक्षकी पेशाची खोड जात नाही, म्हणून मी वहीतले चुकलेले प्रश्न पुन्हा काढून बघितले. एका ढिगात ‘एक्स पूर्णांक आहे’ हे शब्द न वाचल्यामुळे झालेल्या चुका. दुसऱ्यात एक्सची किंमत बरोबर काढलेली, पण प्रश्नात मागितलं होतं एक्स अधिक दोन. तिसऱ्यात भूमिती. आकृतीत कोन काटकोनासारखा दिसत होता म्हणून तो काटकोन धरलेला. जीआरईच्या सूचनांत स्पष्ट म्हटलेलं असतं की भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही. सूचना वाचायच्या असतात हेच मुळात कोणाला पटत नाही. तर पानंच्या पानं टिंबांमागे कारणं निघाली मोजून तीन, आणि तीच तीन दर आठवड्याला हजेरी लावत होती. भाचेबुवा नाराज झाला. ‘सिली’ चुकांना कारणं असतात म्हटल्यावर त्यांच्यातला सगळा निरागसपणाच गेला.

शाब्दिक भागात वेगळी गंमत. वाक्यात रिकामी जागा आणि खाली पाच शब्द. तो खोलीत मोठ्याने वाचत होता आणि बाहेरच्या पलंगावर बहिणीच्या सासूबाई, म्हणजे त्याच्या आजी, जपमाळ घेऊन बसल्या होत्या. वाक्याचा मतलब असा की, मंत्रिमहोदय एरवी तास तास बोलतात, त्यामुळे त्या दिवशीचं त्यांचं अमुक-अमुक उत्तर ऐकून पत्रकार चकित झाले. नातवाची नजर ‘बॉम्बॅस्टिक’वर खिळली होती, कारण तो बीवर आहे आणि बीपर्यंत त्याची मजल गेली आहे. मी सहज आजींना वाक्य मराठीत सांगितलं.

“तुटक बोलला असेल मेला,” त्या म्हणाल्या. “नाहीतर चकित कशाला होतील?”

उत्तर होतं ‘लॅकॉनिक’. नातू थक्क. “आजी, तुला कसं कळलं? पर्याय तर तू बघितलेच नाहीस.”

“चष्मा कुठे आहे माझा?” आजी म्हणाल्या.

खरी युक्ती यातच होती. पर्याय दिसत नव्हते म्हणून त्या फसल्या नाहीत. वाक्यात ‘एरवी’ आहे, ‘चकित’ आहे. उत्तराची खूण वाक्यातच पडलेली असते, ती उचलून आधी आपला शब्द घालायचा, मराठी असला तरी चालेल, आणि मगच पर्यायांवरचा हात काढायचा. साडेतीन हजार शब्दांतल्या अर्ध्यांवर पाणी सोडलं तरी चालतं, ‘तरीही’ आणि ‘म्हणून’ यांच्यावर सोडून चालत नाही. भाचेबुवाने हे ऐकून लगेच फळ्यावर लिहिलं आणि खाली ‘आजी मेथड’ असं निळ्या शाईने अधोरेखित केलं. अधोरेखन झालं की शिकणं झालं, अशी त्याची श्रद्धा आहे.

ती श्रद्धा त्याच्या एकट्याची नाही. 2013मध्ये डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. ओळी रंगवणं आणि तेच ते पुन्हा वाचणं या दोन्ही तळाशी गेल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये वाटून करणं, या वर आल्या. त्याआधी 2006मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी अमेरिकेतल्या मिसुरीत एक प्रयोग केला होता. काही मुलांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे खूप पुढे निघून गेले. गोम त्या पाच मिनिटांत आहे. वाचून झाल्या झाल्या सगळं आल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्यावरच घरोघरचा अभ्यास चालतो.

मी हे बहिणीला सांगत होतो तेव्हा आजी म्हणाल्या, “आम्ही दिवेलागणीला परवचा म्हणायचो. पावकी, निमकी, पाऊणकी. पुस्तक मिटून.” मी मान डोलावली, पण मनात धास्तावलो. आता हे ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ या मथळ्याखाली कौटुंबिक ग्रुपवर जाणार आणि मिसुरीतल्या प्रयोगशाळेचं श्रेय पेशव्यांना मिळणार. पण ‘पुस्तक मिटून म्हण’ या एका वाक्यात रोडिगर-कार्पिक बरेचसे येतात, हे मला कबूल करावं लागेल. फक्त आपल्याकडे पुस्तक मिटलं की पुढे छडी असायची, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोणी स्वखुशीने मिटलं नाही.

शब्दांच्या कार्डांसाठी लाइटनर या जर्मन लेखकाची एक पद्धत आहे. पाच कप्पे करायचे, शब्द आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात, आणि पहिला कप्पा रोज, पाचवा क्वचित बघायचा. भाचेबुवाने बहिणीचे पाच डबे पळवले. दोनच दिवसांत सगळी कार्डं पाचव्या डब्यात. “एवढ्यात?” मी विचारलं. म्हणाला, “पहिल्या डब्यात बरी दिसत नव्हती.”

निबंधाची मात्र आम्हाला कोणालाच भीती नव्हती. एखादं विधान देतात आणि तीस मिनिटांत त्यावर आपलं मत मांडायचं. पुण्यात जन्मलेल्या माणसाला मत मांडायला तीस मिनिटं? उरलेल्या अठ्ठावीस मिनिटांत काय करायचं? विषयांची अख्खी यादी ईटीएस आधीच जाहीर करते, म्हणजे पेपर फुटलेलाच म्हणायचा. पण सूचना वाचल्यावर तोंडचं पाणी पळालं. ते विधान कुठे लागू पडेल आणि कुठे पडणार नाही, दोन्हींचा विचार करून लिहा, असं म्हटलेलं असतं. समोरच्याचंही काही बरोबर असू शकतं ही कल्पना आमच्या वाड्यात, गल्लीत, पेठेत कोणी शिकवली नाही. भाचेबुवाने पहिल्या निबंधात प्रतिपक्षाला एक परिच्छेद दिला आणि त्यात त्याची यथेच्छ टिंगल केली. हा निबंध माणूस तपासतो आणि सोबत एक संगणकही तपासतो. संगणकाला टोमणे कळत नाहीत.

गुण द्यायची रीतही आपल्या बोर्डाच्या पोरांना परकी. मी जन्मभर स्टेप मार्क दिले. उत्तर चुकलं तरी सूत्र लिहिलंय ना, घे एक. इथे तीन रिकाम्या जागांपैकी दोन बरोबर आल्या तरी शून्य. उलट चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी जेईईत पोळलेली आपली मुलं न येणारा प्रश्न सोवळ्यात कोरा ठेवतात. काही ना काही टिचकी मारायलाच हवी, हे भाचेबुवाच्या गळी उतरवायला मला बरीच शिकस्त करावी लागली. त्याला ते अनैतिक वाटत होतं.

आणखी एक पेच आहे. शाब्दिक असो की गणित, दोन्हींत पहिला टप्पा चांगला गेला की दुसरा अवघड येतो, पहिला गडबडला की सोपा येतो. त्यामुळे ही परीक्षा देणारा माणूस सोपा प्रश्न बघून घाबरतो आणि अवघड बघून खूश होतो. एका मुलीने मला सांगितलं, दुसऱ्या टप्प्यात पहिले दोन प्रश्न झटकन सुटले आणि तिला रडूच आलं. पुढचे प्रश्न तिने त्या दुःखात सोडवले. वास्तविक तिथे बसून आपण कुठल्या वाटेवर आहोत याचा अंदाज बांधण्याचा काहीही उपयोग नसतो. पण अंदाज बांधू नको म्हटलं तर माणसाने डोकं न्यायचं कशाला?

22 सप्टेंबर 2023पासून परीक्षा लहान झाली. पूर्वी ती पावणेचार तासांच्या घरात होती, आता 1 तास 58 मिनिटं. मधली सुट्टी गेली. बहिणीला त्याचंच वाईट वाटतंय, चिक्की आणि केळं द्यायची सोय राहिली नाही. 2020नंतर तर अनेक विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केली. आमच्या घरात ऐच्छिकचा अर्थ ‘द्यायचीच’ असा लावण्यात आला, कारण शेजारच्यांची मुलगी देतेय. वीस हजारांच्या पुढे फी भरून माणूस ऐच्छिक गोष्ट करतो, तेव्हा ती किती आवश्यक आहे हे आपोआप सिद्ध होतं.

ईटीएसच्या साइटवर पॉवरप्रेप नावाच्या दोन पूर्ण परीक्षा फुकट मिळतात, अगदी खऱ्यासारख्या, कारण काढणारे तेच. भाचेबुवाने त्या दोन्ही राखून ठेवल्यात. “तयारी झाली की देईन.” काय तयारी राहिली हे परीक्षा दिल्याशिवाय कळणार नाही, आणि तयारी झाल्याशिवाय परीक्षा देणार नाही. मध्यंतरी दुसऱ्या एका कंपनीची मॉक त्याने घरी दिली. मध्ये पोहे आले तेव्हा घड्याळ थांबवलं. कुरिअरवाला आला, थांबवलं. मित्राचा फोन आला, थांबवलं. मी गेलो तेव्हा माझ्यासाठीही थांबवलं, मोठ्या आदराने. अशी ती 1 तास 58 मिनिटांची परीक्षा सकाळी सुरू होऊन दुपारच्या ताकभाताला संपली आणि 327 गुण मिळाले. घरात पेढे आणण्यापर्यंत मजल गेली होती. काका मात्र म्हणाले, “2400 पैकी?”

तेव्हा ज्यांच्या घरात हे प्रकरण सुरू आहे किंवा होणार आहे, त्यांना विनंती आहे. त्या दोन फुकट परीक्षांपैकी एक याच रविवारी द्यायला लावा, काहीही तयारी झालेली नसताना. दुसरी खऱ्या परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधी. आणि त्या दोन तासांत पोहे, कुरिअर आणि मामा यांपैकी कोणालाही आत सोडू नका.